सहलीच्या वहीत जेवण पहिल्या ओळीत

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी लिहून देत आहे.)



दिवाळीनंतर वेरूळची लेणी बघायला जायचं, असं तुमच्यापैकी तीन-चार गटांनी ठरवलंय. ऐकून खूप बरं वाटलं. गाडी कोणती, मुक्काम कुठं, घृष्णेश्वराचं दर्शन कधी, सगळं बोलून झालं. पण जेवणाचं विचारलं की एकच उत्तर येतं, "त्याचं काय एवढं, बघू की तिकडं." ताईंनो, आज मला ह्या "बघू की तिकडं"वरच बोलायचंय.

आधी माझी चूक सांगते. मागे एका गटाबरोबर मी वेरूळला गेले होते. नियोजन माझ्याकडं होतं. कागदावर मी गाडी, तिकीट, मुक्काम सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, "जेवण : ज्याचं त्यानं." दुसऱ्या दिवशी दुपारी कैलास लेण्यात एक मावशी घेरी येऊन खाली बसल्या. सकाळपासून पोटात फक्त चहा. नाश्त्याला म्हणाल्या होत्या, "माझा आज उपास आहे." रात्री त्या माझ्याजवळ बोलल्या. उपास नव्हताच. जवळ दोनशे रुपये होते, त्यात नातवाला खेळणं न्यायचं होतं. पोहे खाल्ले तर खेळणं राहील, असा त्यांचा हिशोब. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मला तो उपास ओळखता आला नाही, ह्याचं अजून वाईट वाटतं.

आपल्या बायकांचं असंच असतं बघा. पैसे कमी पडले की पहिली काटछाट आपल्या ताटात. घरीही तेच, सहलीतही तेच.

वेरूळचं १६ नंबरचं लेणं म्हणजे कैलास. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळातलं. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आधी कळस, मग पाया. आपणही हिशोब तसाच उलटा करू. प्रवास, तिकीट, खरेदी आणि उरलं तर जेवण, असं नको. वहीत पहिल्या ओळीला जेवण लिहायचं.

आता दोन दिवस, एक मुक्काम आणि २० जणी धरून हिशोब करू. दर मी अंदाजानं धरलेत, तुम्ही जायच्या आधी विचारून लिहा. एका बाईचा खर्च असा :

- सोबतची शिदोरी : ६० रुपये
- चहा, दोन दिवसांत ४ वेळा : ६० रुपये
- पहिल्या रात्रीची थाळी : १५० रुपये
- दुसऱ्या दिवशीचा नाश्ता : ४० रुपये
- दुसऱ्या दुपारची थाळी : १५० रुपये
- पाणी : ४० रुपये
- अडीअडचणीला : ५० रुपये

एकूण ५५० रुपये. २० जणींचे ११,००० रुपये. एकदम काढायचे तर जड जातात, पण पाच महिने दरमहा ११० रुपये बाजूला टाकले की जमतात. हे पैसे गटाच्या बचतीत मिसळू नका आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही उचलू नका. वेगळी पेटी, वेगळी वही ठेवा. कुणाला ११० झेपत नसतील तर तिनं आधीपासून थोडे थोडे भरावेत, पण तिचं नाव बैठकीत पुकारू नका.

शिदोरी तीन वेळेला पुरवायची : पहिल्या दिवसाची सकाळ, दुपार आणि परतीच्या रात्री गाडीत. पहिल्या दिवसासाठी दशम्या, धपाटे. परतीसाठी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. हे दोन दिवसांत खराब होत नाही. ह्याच तीन वेळा हॉटेलात खाल्लं तर प्रत्येकीचे ३४० रुपये जातील. शिदोरीचे ६० वजा केले तरी २८० वाचतात, म्हणजे २० जणींचे ५,६०० रुपये.

तुम्ही म्हणाल, शिदोरीला ६० रुपये कशाला, घरचीच तर भाकर. घरचं पीठ, तेल, शेंगदाणे फुकट येतात का? आणि पहाटे तीनला उठून थापणार कोण? गटातली जी ताई कडक भाकरीचा व्यवसाय करते, तिला ऑर्डर द्या. पैसा गटातच राहील आणि सहलीच्या दिवशी तुम्हीही झोपून उठाल.

काही गोष्टी लक्षात ठेवा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. वार चुकला तर एका दिवसाचं जेवण आणि मुक्काम अंगावर पडतो. हॉटेलात बसायच्या आधी थाळीचा दर विचारा, पोटभर आहे की मोजून, तेही विचारा. २० ताटं एकदम आहेत म्हटल्यावर दर कमी करायला सांगा, लाजू नका. लेण्यात खाऊ उघडू नका, वानरं पिशवीवर झडप घालतात. पाण्याची बाटली घरूनच भरून घ्या. शुगरची गोळी चालू असलेल्या ताईंची जेवणाची वेळ चुकवू नका.

२०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. वाचलेलं अर्धं भाडं आधी जेवणाच्या पेटीत टाका, साडीच्या दुकानात नंतर.

पैसे एकीकडं, वही दुसरीकडं ठेवा. संध्याकाळी सगळ्यांसमोर हिशोब वाचा. आणि जेवण सगळ्यांचं एकत्रच. खरा उपास असेल तर तिच्यासाठी फराळ त्याच पैशातून. मग "माझा उपास आहे" असं खोटं सांगायची वेळ कुणावर येणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना सहलीची वही घेऊन या. मी पहिली ओळ बघणार आहे.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक