परक्या घरातले पहिले तीन महिने
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

१९९७ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधी’ यावर बोलायला सांगितलं होतं. पण त्याबद्दल आता आपली मुलंच आपल्याला चार गोष्टी शिकवतील. मी दुसरंच काही सांगणार आहे.

दहावीनंतर तुम्ही अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे होतात, तेव्हा मी रोटरीच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून वर्षभरासाठी फिनलंडला गेले. परत आल्यावर सगळ्यांनी बर्फाबद्दल विचारलं. बर्फ पडण्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल कुणी विचारलं नाही. मला मात्र तेच जास्त आठवतात.

मध्य फिनलंडमधल्या युवास्क्यूला या गावी मी राहत होते. घरात आई, वडील आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलगा. तिकडे मुलं मोठ्यांना सरळ नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना. फिनिशमध्ये आईला ‘अ‍ॅइती’ म्हणतात. त्यात आपली ‘आई’ जवळजवळ ऐकू येते, म्हणून मी तेच म्हणू लागले.

पहिले काही दिवस मी पाहुणी होते. स्वतःचं ताटही मला उचलू देत नसत. मग सप्टेंबरातल्या एका रविवारी अ‍ॅइतींनी माझ्यापुढे रबरी बूट आणि बादली ठेवली. जंगलात ‘पुओलुक्का’ वेचायला जायचं होतं. करवंदाहून लहान, लालभडक, आंबट असं हे फळ जमिनीलगतच्या झुडपांवर येतं. फणीसारखे दाते असलेल्या डब्याने झुडूप विंचरायचं, फळं आत पडतात. पानं नंतर निवडून काढायची. मी विचारलं, “हे जंगल कुणाचं?” त्या म्हणाल्या, “माहीत नाही.” तिथे जंगल कुणाच्याही मालकीचं असो, घराचं अंगण सोडलं तर रानफळं आणि अळंबी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. परदेशातून आलेल्यालाही.

ती फळं पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये गेली आणि हिवाळाभर सकाळच्या लापशीवर येत राहिली. त्या दिवसानंतर मला कामं मिळू लागली. अंगणातली बर्चची पिवळी पानं गोळा करायची, शनिवारी साउनासाठी लाकडं आणायची. ऑक्टोबरच्या सुट्टीत तळ्याकाठच्या घरी जाऊन आम्ही चौघांनी होडी पाण्याबाहेर ओढली आणि हिवाळ्यासाठी पालथी घातली. एव्हाना मला कुणी पाहुणी म्हणत नव्हतं.

त्याच महिन्यात, नवरात्रात, सांगलीहून फोन आला. आजी गेली होती. बाबा म्हणाले, “तू पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल, येऊ नकोस.” माझं फिनिश तेव्हा दुकानात दूध मागण्यापुरतं होतं. आजी म्हणजे काय, हे त्या भाषेत मी कशी सांगणार? अ‍ॅइतींनीही काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि रात्री उशिरापर्यंत समोर बसून राहिल्या. तिकडे गप्प बसणं हा परकेपणा नसतो, हे तोवर मला कळलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळू लागला. गुरुवारी, ३० तारखेला लक्ष्मीपूजन होतं. आमच्या घरी त्या वर्षी फराळ नव्हता. शनिवारी, १ नोव्हेंबरला तिथे दिवंगतांच्या स्मरणाचा दिवस आला. त्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. काळोखात सगळं कब्रस्तान उजळून निघालं होतं.

अ‍ॅइतींनी तीन मेणबत्त्या आणल्या होत्या. दोन त्यांच्या आईवडिलांसाठी. तिसरी माझ्या हातात देऊन त्या मला एका दगडी स्मारकापाशी घेऊन गेल्या. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरली आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या कब्रस्तानांत अशी जागा राखलेली असते. दुसऱ्या महायुद्धात कारेलिया सोव्हिएत संघाकडे गेला, तेव्हा तिथल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरं आणि पूर्वजांच्या कबरी मागे ठेवून यावं लागलं. तेही इथेच मेणबत्ती लावतात. “तुझ्या आजीसाठी,” त्या म्हणाल्या. आजीच्या अस्थी कृष्णेत गेल्या होत्या. मी मेणबत्ती लावली, आणि तिथे मला पहिल्यांदा रडू आलं.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आपल्या शाळेच्या मुली आता शिकायला, नोकरीला एकट्या पुण्या-बंगळूरला जातात. राहायची सोय होईपर्यंतचे पहिले काही आठवडे अवघड जातात. पुण्याला माझ्या घरी गेल्या चार वर्षांत आपल्या शाळेच्या तीन मुली अशा राहून गेल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना चहा-साखरेचे डबे दाखवते आणि भाजी निवडायला बसवते. पाहुणी म्हणून राहिलं की फार एकटं वाटतं, हे मला ठाऊक आहे.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना आपल्या घरी अशी एक खोली, निदान एक गादी देता येईल, त्यांनी जाण्याआधी तिच्यात आपलं नाव आणि शहर लिहावं. माझं नाव पहिल्या ओळीत आहे.