अंगठ्याआड दडलेले 15 फूट

मॉलमधल्या बोलिंग लेनवर पहिल्यांदाच चेंडू उचलणारा माणूस एक गोष्ट हमखास करतो. तो थेट पिनांकडे बघतो. पाडायच्या पिना आहेत, तर बघायचं दुसरीकडे कशाला? मुरलेला खेळाडू मात्र पिनांकडे जवळजवळ पाठच फिरवतो. त्याची नजर पायांपुढे 15 फुटांवर, लेनमध्ये कोरलेल्या बाणांवर खिळलेली असते.

चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, म्हणजे फाउल लाइनपासून, पहिली पिन 60 फुटांवर. क्रिकेटवाल्यांना हे अंतर परकं नाही. पॉपिंग क्रीजपासून समोरच्या यष्ट्या 62 फुटांवर असतात. रुंदी मात्र जेमतेम साडेतीन फूट, आणि तेवढ्यात 39 उभ्या पट्ट्या. खेळाडू त्यांना बोर्ड म्हणतात. एक बोर्ड इंचाहून किंचित रुंद. दर पाचव्या बोर्डवर एक, असे सात बाण. जुन्या लाकडी लेनवर साधारण तिथेच मेपलचं टणक लाकूड संपून मऊ पाइन सुरू होई. चेंडू आदळणार तो भाग भक्कम हवा, हे त्यामागचं साधं सुतारी शहाणपण.

आता श्रोत्यांनी एक हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर उभा धरावा. त्याची जाडी नजरेत साधारण 2 अंश भरते. चेंडू सोडताना वाकलेल्या खेळाडूचे डोळे जमिनीपासून 5 फुटांवर धरू. बाण 15 फुटांवर मानले, तर तिथून पिनांपर्यंत उरतात 45 फूट. त्यांचे 15-15 फुटांचे तीन तुकडे केले, तर पहिला तुकडा त्याच्या नजरेत जवळपास 9 अंश व्यापतो, दुसरा 3 आणि शेवटचा फक्त दीड. म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीची लांबी अंगठा आडवा धरला की त्यामागे दडते!

म्हणूनच नवखा खेळाडू शपथेवर सांगतो, “चेंडू अगदी पिनांपाशी वळला.” तो वळलेला असतो 15-20 फूट आधीच. खोटं तो बोलत नसतो, डोळा बोलत असतो.

बाणांवर नेम धरण्याचं गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं आहे. चेंडू ठेवण्याची जागा अचूक साधली, पण बाणापाशी तो एक बोर्ड हुकला, तर सरळ जाणारा चेंडू पिनांपाशी चार बोर्ड हुकतो. चार बोर्ड म्हणजे सव्वाचार इंच, आणि पिनचं पोट सर्वांत रुंद जागी पावणेपाच इंच. बाणापाशी बोटभर चूक झाली की टोकाला जवळजवळ अख्खी पिन हातची जाते.

एवढ्यावर भागलं असतं, पण चेंडू सरळ जातो कुठे? लेनला तेल लावलेलं असतं, नेहमीच्या केंद्रांत साधारण 40 फुटांपर्यंत. तेलावर चेंडू घसरतो, पुढच्या कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. त्यासाठी खेळाडूंचा एक आडाखा आहे: तेलाच्या लांबीतून 31 वजा करायचे. 40 फूट तेल असेल, तर चेंडू कडेपासून 9व्या बोर्डच्या आसपास तेलाबाहेर पडावा. 36 फूट असेल, तर 5व्या. आडाखाच तो, कायदा नव्हे. पण 40 फूट नेमके कुठे, हेच तर डोळ्याला कळत नाही. लेनवर चालत जाऊन बघायची सोय नाही, कारण बुटांना लागलेलं तेल पुढच्यालाच आपटवेल.

इथे घड्याळ कामाला येतं. ताशी 29 किलोमीटरने निघालेला चेंडू 60 फूट सव्वादोन सेकंदांत कापतो, 40 फूट दीड सेकंदात. मित्राला मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगावं आणि वळणाचा क्षण एकूण वेळेच्या कितव्या हिश्श्याला येतो ते पाहावं. दोन-तृतीयांश वेळ म्हणजे ढोबळमानाने 40 फूट. जाताजाता चेंडू मंदावतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडं पुढेच. चारपाच चेंडूंनंतर ती जागा नजरेत बसू लागते.

नजर आणि गणित दोन्ही जमलेला एक खेळाडू म्हणजे अमेरिकेचा वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअर. व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेची, म्हणजे पीबीएची, 47 विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. त्याची पदवी भौतिकशास्त्रातली. घोड्याची नाल फेकून लोखंडी खुंटीत अडकवण्याच्या खेळातही तो पुरुषांत सहा वेळा जगज्जेता झाला. ‘डेडआय’ हे टोपणनाव त्याला त्या खेळातूनच मिळालं, लेनवर नव्हे. त्या खेळात एका खुंटीपासून दुसरी खुंटी असते 40 फुटांवर.