पेडर रोड आधी मनात चढा

कॉटन ग्रीनहून हार्बरची गाडी पकडली की पाचवं स्टेशन सीएसएमटी. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन तिथूनच सुटते. अंतर ४२.१९५ किलोमीटर.

पहिला अर्धा भाग उत्साहात निघून जातो. सी लिंकवरचा वारा, आजूबाजूची गर्दी, पाय आपोआप वेग घेतात. हीच वेळ स्वतःला आवरायची. कारण साधारण तीस किलोमीटरनंतर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आटत जातो आणि मन ‘पुरे आता’ म्हणू लागतं. त्यानंतर परतीला पेडर रोडचा चढ! तो आधीच मनात चढून बघायचा. डोळे मिटून एकेक वळण आठवा. तिथे दम लागला तर काय करणार, तेही आजच ठरवा: पावलं आखूड करायची, नजर पुढच्या खांबापर्यंतच ठेवायची. उरलेले किलोमीटर मोजत बसू नका.

सरावाला लांब कशाला जायचं? कॉटन ग्रीनच्या जुन्या कापूस-गोदामांलगतचे रस्ते रविवारी पहाटे त्यातल्या त्यात मोकळे. सपाट, सरळ आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणे. म्हणूनच उपयोगाचे. कानात गाणी न घालता पळा. कंटाळा सोसायची सवय तिथेच लागते.



आणि हो, शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. त्याआधीच्या आठवड्यातली झोप जास्त कामाला येते.