किल्ली कुणाच्या हातात?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणक कक्षाबाहेर चपला काढून, एका मशीनपुढे तिघी दाटीवाटीनं बसून मी पहिल्यांदा की-बोर्डला हात लावला तो याच शाळेत. पुढे तोच पोटापाण्याचा धंदा झाला. संयोजकांनी "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल" म्हटल्यावर मला आपल्याच घरातली एक गोष्ट आठवली.

२००८ साली आपण पहिली स्मरणिका काढली होती. तिच्यात मराठीच्या बाईंचा शाळेच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा लेख होता. बाई आज नाहीत. येत्या स्मरणिकेत तो लेख पुन्हा घ्यावा म्हणून मी जुनी सीडी शोधली. फाईल सापडली, पण उघडल्यावर अक्षरांऐवजी नुसती चिन्हं! तेव्हाच्या डीटीपीत मराठी फॉन्ट ज्याचे त्याचे असत, प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. तो फॉन्ट नाही, तर लेखही वाचता येत नाही. शेवटी एका मैत्रिणीकडच्या छापील प्रतीवरून मी तो टाइप केला. तिच्याकडच्या प्रतीतलं लेखाचं शेवटचं पान मात्र फाटलेलं आहे.

मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. गुजरातमधल्या वाडीनारला नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियन कंपनीची मोठी भागीदारी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं तिची सेवा थांबवली. नायराचं म्हणणं, आम्ही पैसे भरलेले आहेत. तरी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात न्यावं लागलं. सेवा काही दिवसांत सुरू झाली, पण भारतातल्या कारखान्याची ई-मेल परदेशातून बंद होऊ शकते हे सगळ्यांना दिसलं.

सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. स्वतःचा माग असणं आणि दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं विणणं, यातला फरक आपण गल्लोगल्ली पाहिला आहे.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोड खुला असतो. तो कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, आपल्या मशीनवर चालवू शकतो. बनवणारी कंपनी बंद पडली तरी काम दुसऱ्याला पुढे नेता येतं. लिखाणाला लिब्रेऑफिस, फाईली ठेवायला नेक्स्टक्लाउड, हिशेबाला मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवतात.

एक मात्र स्पष्ट सांगते. हे फुकट मिळतं, पण फुकटात चालत नाही. सर्व्हरचं भाडं, बॅकअप, अपडेट, आणि लक्ष घालणारं माणूस लागतं. सगळंच स्वतः चालवायचा हट्टही नको. मीही रोज मोठ्या कंपन्यांच्या सेवा वापरते. फक्त एवढं विचारावं : उद्या ही सेवा बंद झाली, तर आपलं सगळं घेऊन दुसरीकडे जाता येईल का?

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी, वर्गणीच्या पावत्या आणि फोटो एकाच मित्राच्या वैयक्तिक खात्यात आहेत. तो सज्जन आहे, पण त्याचा फोन हरवला तर आपण काय करणार? म्हणून सुचवते : स्मरणिका युनिकोडमध्ये आणि खुल्या फॉन्टमध्ये करू. यादी आणि हिशेब संस्थेच्या नावे, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात ठेवू. पासवर्ड दोघांकडे असू दे आणि एक प्रत शाळेच्या कपाटात. देखभाल मी करीन, पण तुमच्यापैकी एकानं माझ्याबरोबर शिकून घ्यावं. नाहीतर किल्ली पुन्हा एकाच हातात राहील.

आणि एक विनंती. २००८ ची स्मरणिका कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असेल, तर बाईंच्या लेखाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवा. लेख अपुरा छापायचं मनाला येत नाही.