घरचा सामना

(गेल्या वर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही हे आधीच सांगून टाकतो. मी सरकारी खात्यात उपयंत्री, डिप्लोमा केलेला माणूस. आमचं लिहिणं-बोलणं मोजमाप-पुस्तिकेपुरतं. पण परवाच्या बैठकीत एका सूचनेवर मी जरा जास्तच तावातावाने बोललो, तेव्हा अध्यक्षांनी हसत शिक्षा सुनावली की उरलेलं स्टेजवर येऊन बोला.

सूचना तुम्हाला ठाऊक आहे. राजघाटावरच्या आपल्या उत्सवाला माणसं कमी येतात, घरोघरची मुलं शिक्षण-नोकरीसाठी इंदूरला आहेत, म्हणून पुढच्या वर्षी पाच संध्याकाळच्या कार्यक्रमांपैकी दोन इंदूरलाच हॉल घेऊन करावेत. मी विषय मात्र खेळाचा घेतला आहे. कारण हाच प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत लोकांना पडलेला आहे.

माझा मामेभाऊ टोरांटोला असतो. तिथे आइस हॉकीचं वेड आहे. आपली ध्यानचंदांची हॉकी नव्हे, बर्फावर स्केट घालून खेळतात ती. एनएचएल या त्यांच्या मोठ्या स्पर्धेत २०२३ साली प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळत होता, ४१ घरी आणि ४१ बाहेर. तर २०२३च्या नोव्हेंबरमध्ये भावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, आज सकाळी पोहे खात मॅच बघितली." मी विचारलं, सकाळी कसली मॅच? तर त्यांचा मेपल लीफ्स हा संघ स्टॉकहोमला गेला होता. प्रदर्शनाचे सामने नव्हेत हं, ज्यांचे गुण तक्त्यात धरतात असे खरे सामने. त्या संघात विल्यम नाइलँडर नावाचा स्वीडिश खेळाडू आहे. त्याने आपल्या माणसांसमोर गोल केले. स्टॉकहोमची माणसं वेडी झाली आणि माझा भाऊ टोरांटोत डिश हातात धरून बसला.

ही पद्धत काही जुनी नाही. युरोपात असे पहिले सामने २००७च्या सप्टेंबरअखेर लंडनला झाले. कुणात, तर लॉस एंजलिस आणि अॅनहाइममध्ये. ही दोन गावं एकमेकांना लागून आहेत, मोटारीने तासाभराचा रस्ता. म्हणजे रावेर आणि बुऱ्हाणपूरने आपसातला सामना खेळायला लंडनला जावं तशातला प्रकार. लंडनचं ते नवं क्रीडागृह चालवणारी कंपनी आणि लॉस एंजलिस संघाची मालक कंपनी एकच होती, हे कळल्यावर कोडं सुटतं. पण नुसता पैसाच होता असंही नाही. २०१८ साली हेलसिंकीला पॅट्रिक लायने या फिनलंडच्या पोराने एकाच सामन्यात तीन गोल केले. त्या गावाने ते टीव्हीवर बघितलं नाही, डोळ्यांनी बघितलं. त्याची किंमत कशी करायची?

आता आपल्याकडे या. २००९ साली लोकसभेच्या निवडणुका आणि आयपीएल एकाच वेळी आली. दोन्हीकडे पुरेल एवढा बंदोबस्त नाही म्हणून अख्खी स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत गेली. १८ एप्रिलला केपटाउनला सुरुवात, २४ मेला जोहान्सबर्गला अंतिम सामना. मी तेव्हा निवडणूक ड्यूटीवर होतो, त्यामुळे मला ते शंभर टक्के पटलं! २०१४ साली परत निवडणुका, तेव्हा पहिले वीस सामने अमिरातीत झाले. त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

२०१६वर मात्र बोलायला हवं. त्या वर्षी मराठवाड्यात पाणी संपलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्याच सुमारास आयपीएलच्या मैदानांना साठ लाख लिटर पाणी लागेल हा आकडा गाजत होता. माझा धंदाच पाण्याचा, म्हणून मी हिशेब केला: तशा बारा गाड्या. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. फक्त १ मेचा पुण्याचा सामना तिथेच होऊ दिला. मुंबई आणि पुणे दोन्ही संघ विशाखापट्टणमला गेले, वानखेडेवरचा अंतिम सामना बेंगळुरूला गेला. ८ मेला मुंबईने विशाखापट्टणमला आपला "घरचा" सामना खेळला आणि हैदराबादपुढे ९२ धावांत सगळे बाद झाले. आत्याचा मुलगा दादरला राहतो. मे महिन्यात वानखेडेवर जायचं म्हणून त्याने वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. तो म्हणाला, "घरी असते तर ९२वर आटपले नसते." ते काही खरं नाही, घरीही आटपतात.

सामने हलवल्याने लातूरच्या टाकीत एक थेंबही पडला नाही, हे पाणी खात्याचा माणूस म्हणून मला कळतं. तरी मला तो निकाल बरोबर वाटला. शेजारी हंड्यासाठी रांग लागलेली असताना आपण हिरवळीवर नळी सोडायची नसते. दादरच्या भावालाही ते पटलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच की "आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही, आम्ही पेपरात वाचलं."

पुढच्याच वर्षी याची दुसरी बाजू बघायला मिळाली. २०१७च्या मोसमात पंजाबच्या संघाने सात घरच्या सामन्यांपैकी पहिले तीन आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर खेळले, उरलेले चार मोहालीला. २० एप्रिलला मुंबईशी सामना होता. मी, बाबा आणि माझा मुलगा, तिघे इच्छापूर रोडने खंडवा, बडवाह करत घाट चढून गेलो. आमच्या स्टँडमध्ये लालपेक्षा निळे शर्ट जास्त. आता इंदूरला मराठी माणूस किती आहे हे मी इथे सांगायला नको. यजमान पंजाब, आणि आरडाओरडा मुंबईचा! आमलाने शतक ठोकलं, पंजाबच्या १९८ झाल्या आणि मुंबईने त्या सोळाव्या षटकातच पार केल्या. बटलर काय खेळला म्हणता.

पण मला लक्षात राहिले ते शेजारचे सरदारजी. पासष्टीचे असतील. मुंबईच्या प्रत्येक षटकाराला आमचा मुलगा उड्या मारत होता, आणि ते शांतपणे त्याला आपल्यातला समोसा देत होते. मी ओशाळून म्हटलं, तुमचा संघ हरतोय आणि हा बघा. ते म्हणाले, "कोई बात नहीं। चालीस साल से इंदौर में हूँ। इस बार पंजाब मेरे घर में खेल रहा है।"

परतताना घाटात बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला समजलं बघ." बाबांचा जन्म इथला, त्यांच्या वडिलांचाही इथलाच. तरी आयुष्यभर मुंबईचा स्कोअर विचारत आले. आपल्यातल्या बहुतेक घरांत असं कुणीतरी आहे. २०२२च्या जूनमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले, तेही बेंगळुरूला, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याच घरी नाही. आमच्या घरात मात्र तो दोघांचाही घरचा सामना होता. मुलगा मध्य प्रदेशाकडून, बाबा मुंबईकडून, आणि मी चहा करत होतो. मध्य प्रदेशाने सहा गडी राखून पहिल्यांदाच करंडक घेतला. आपले प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईत घडलेले. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ते मध्य प्रदेशाचे कप्तान म्हणून अंतिम सामना हरले होते. ते रडले, तसे बाबाही रडले. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

म्हणून इंदूरच्या मुलांकडे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. त्या सरदारजींना बघितल्यावर कोण म्हणेल? तिथे एखाद्या खोलीत चौघांत राहणाऱ्या आपल्या पोराच्या कानावर आरती पडली, हातावर उकडीचा मोदक पडला, तर त्याचं मोल मोठं आहे.

माझं भांडण "पैकी" या शब्दाशी आहे. पाचांपैकी दोन. २००८ साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगने एक बेत काढला होता. मोसमातले ३८ सामने तसेच ठेवायचे आणि एकोणचाळिसावा सामना परदेशात खेळायचा. लोकांनी गिल्ला केला आणि बेत बारगळला, कारण जास्तीच्या सामन्यात कुणाला दुबळा गडी मिळणार आणि कुणाला तगडा, याने तक्ता बिघडतो. आपल्याला गुणांचा तक्ता नाही! आपण खुशाल सहावी संध्याकाळ करावी. इंदूरला करावी, रविवार बघून करावी, मुलांनाच करायला सांगावी. राजघाटावरच्या पाच मात्र राजघाटावर.

कारण इंदूर इथून १८० किलोमीटर आहे. २०१७ला घाट चढून आलेल्या बाबांना आता गुडघ्यांमुळे आपल्या मंडपाची पायरी चढायलाही हात द्यावा लागतो. आमच्या गल्लीतल्या काकू एक्क्याऐंशीच्या आहेत. त्या पाचही दिवस पहिल्या रांगेत असतात, आजही आहेत. सूचना मांडली गेली त्या बैठकीला त्या नव्हत्या, कारण बैठक रात्री नऊला होती. पावसात, परीक्षेच्या दिवसांत, वीज गेलेली असताना, समोर सतरा माणसं असताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या दोन संध्याकाळी आपण त्यांना न विचारता देऊन टाकणार होतो.

खर्चाचं मी बघितलं आहे. इंदूरच्या एका संध्याकाळीला हॉल, ध्वनिक्षेपक आणि बस मिळून जे लागेल, त्यातलं निम्मं तिथली नोकरी करणारी मुलं उचलायला तयार आहेत. चौघांशी मी फोनवर बोललो. उरलेल्याची वर्गणी कशी करायची ते कोषाध्यक्षांनी सांगावं. विसर्जनानंतरच्या रविवारी सभा आहे, आणि अध्यक्षांना माझी विनंती आहे की ती रात्री नऊला न ठेवता दुपारी चारला ठेवावी. काकूंना आणायची जबाबदारी माझी.

गणपती बाप्पा मोरया!