साठी बुद्धी नाठी म्हणण्याआधी

आज हप्ते आणि कर्ज बाजूला ठेवून मानेतल्या रक्तवाहिन्यांबद्दल बोलू.

आपल्या गटांत साठीपुढच्या बायका बऱ्याच आहेत. एखादीला हप्ता भरल्याचं आठवत नाही, आमटीत मीठ दोनदा पडतं, साध्या हिशोबाला वेळ लागतो. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. आम्हाला ही म्हण मुळीच आवडत नाही. तिच्यापायी तपासणीच राहून जाते.

घशाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी रक्तवाहिनी असते. डॉक्टर तिला कॅरोटिड म्हणतात. मेंदूचं बरंचसं रक्त याच दोन वाटांनी जातं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. ठिबकची नळी आठवा. आत क्षार साचले की झाडाला पाणी पोचत नाही. तसाच या वाहिनीत चरबीचा थर साचतो, वाट अरुंद होते. कधी थराचा किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो. मोठा असेल तर लकवा. बारीक असेल तर त्या दिवशी काही कळतही नाही, पण असे घाव साचत गेले की विचार मंदावतो, विसर पडतो.

विसरण्याला दुसरीही कारणं असतात. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, मनाची उदासी. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवायचं. गरज वाटली तर ते मानेची डॉपलर सोनोग्राफी सांगतात. तिच्यात सुई नाही की दुखणं नाही.

थर वाढवतात बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू. मिशरीसुद्धा तंबाखूच, बरं का! ‘दातांपुरती लावते’ म्हटल्याने ती वेगळी होत नाही. आणि बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

एकाएकी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, एका डोळ्यापुढे अंधार आला, तर लगेच १०८ ला फोन करा. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही जायचंच. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे अंगारा लावून सकाळची वाट पाहू नका.

तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी आणि साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावलं आहे. येताना सासूबाईंना आणा, त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठीही आणा.