मुक्या शत्रूवर घरचा पहारा



फिरंगाई मातेच्या या कुरकुंभात औद्योगिक वसाहत आली आणि घराघरांत पाळीची नोकरी आली. जागरण, तंबाखू, ताटातले वरचे मीठ यांनी रक्तदाब वाढतो. पण तो बोलत नाही. ‘मला कुठे काय होते आहे?’ असे म्हणणाऱ्याच्याच मेंदूवर, हृदयावर वा मूत्रपिंडावर एके दिवशी घाला पडतो आणि सारे कुटुंब उघडे पडते.

आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. आज त्याहून सरस औषधे उपलब्ध आहेत. उणीव आहे ती आपल्या दक्षतेची.

दंडाला पट्टा बांधण्याचे यंत्र घरी आणा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस वगळून सरासरी १३५/८५ किंवा अधिक आली, तर डॉक्टरांना वही दाखवा. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

समाजकार्यासाठी झिजणारा देह आधी जपला पाहिजे. हेही व्रतच आहे.